कमाटीबाग : विश्वामित्रीचं बडोदं आणि नदीकाठी सगळ्यांसाठी उघडलेली बाग

विश्वामित्रीकाठ :

मराठीत बडोद्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक सगळं सयाजीराव महाराजांवर, लक्ष्मी विलास राजवाड्यावर, फार तर दांडियाबाजारातल्या वाड्यांवर. नदीवर आणि नदीकाठच्या कमाटीबागेवर सलग असं काही सहसा वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा काढतोय. बडोदेकर, माजी बडोदेकर, सयाजीराव विद्यापीठात शिकून आलेले, सगळ्यांनी भर घालावी.

आधी नदी. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते, बडोद्यातून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला. मही आणि नर्मदा या दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातली ही लहान नदी. उन्हाळ्यात पात्र इतकं आटतं की पुलावरून जाणाऱ्याचं लक्षही जात नाही. पावसाळ्यात मात्र तीच शहराचे दोन भाग करते. काठ मातीचे, उंच, ठिकठिकाणी घळींनी चिरलेले, आणि त्यांवर झाडी.

जुनी वस्ती पश्चिम काठाला होती, आजच्या अकोट्याला. तेव्हाचं नाव अंकोट्टक. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट कर्काच्या ताम्रपटात वडपद्रक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि ते गाव अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक म्हणून सांगितलंय. म्हणजे अकोटा हे मुख्य ठाणं आणि वडोदरा त्याच्या हाताखालचं खेडं. पुढे वस्ती पूर्वेच्या उंच जागेकडे सरकली. त्यात पुरांचाही हात असावा असं मानलं जातं. सुलतानी काळात पूर्वेला तटबंदीचं शहर वसलं : मधोमध मांडवी नावाची चौकातली इमारत, चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे. पिलाजीराव गायकवाडांचा अंमल इथे बसला, १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला, आणि १७३४ मध्ये दमाजीरावांच्या काळात गायकवाडांनी बडोदं परत घेतलं ते कायमचं.

आता बाग कुठे आहे ते पाहा. तटबंदीचं शहर नदीच्या पूर्वेला. रेल्वे स्टेशन पश्चिमेला. उत्तरेच्या अंगाला इंग्रजांचा कॅम्प, म्हणजे रेसिडेन्सी आणि छावणी. या तिघांच्या मधे नदीला लागून जी जमीन होती तिथे १८७९ मध्ये कमाटीबाग झाली. क्षेत्रफळ सुमारे ११३ एकर. नदी बागेच्या नुसत्या कडेने जात नाही, प्राणिसंग्रहालय तर तिच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. गावातला माणूस, स्टेशनावर उतरलेला परगावचा माणूस आणि कॅम्पातला साहेब, तिघांनाही सारखीच जवळ पडणारी ही जागा. मला या बागेच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. संस्थानिकांच्या बागा बहुतेक राजवाड्याच्या आवारात असत. ही बाग रस्त्यावर उघडत होती.

बागेतलं वस्तुसंग्रहालय थोडं नंतरचं. इमारतीचं काम १८८७ ला सुरू होऊन १८९४ ला संपलं. मेजर मँट आणि रॉबर्ट चिझम ही लक्ष्मी विलासशी जोडलेली वास्तुविशारदांची नावं इथेही येतात. शेजारची चित्रशाळा १९०८ ते १९१४ मध्ये बांधली गेली, पण युरोपात निवडलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे वेळेवर पोचली नाहीत आणि चित्रशाळा १९२१ मध्ये उघडली. बाकी बँडस्टँड, फुलांचं घड्याळ, तारांगण आहेच, त्यावर इतरांनी लिहावं.

--------

तंजावूरकर :

चांगला विषय. एक भर घालतो, कारण ती सहसा राहून जाते.

१८७९ मध्ये सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक आले, आणि राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी मिळाले. मधली सगळी वर्षे ते इलियट साहेबांच्या हाताखाली शिकत होते. कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव. त्यामुळे बागेचे नाव आज सयाजीबाग असले तरी ती उभी करण्याचा निर्णय माधवरावांच्या कारकिर्दीतला आहे.

माधवराव तंजावूरच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि इंदूर या दोन्ही संस्थानांत दिवाणगिरी करून १८७५ मध्ये बडोद्याला आले. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी नुकतेच पदच्युत केले होते, तिजोरीची अवस्था वाईट होती, लोकांचा दरबारावर विश्वास उरला नव्हता. अशा वेळी न्यायालये, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर सार्वजनिक बागेवर खर्च करावा असे एखाद्या दिवाणाला वाटावे, हे मला फार मोलाचे वाटते. दाट वस्तीच्या, अरुंद गल्ल्यांच्या शहराला मोकळी हवा हवी, ही आरोग्याची दृष्टी त्या काळी सर्वत्र रुजत होती. महाराजांनी पुढे त्या बागेत संग्रहालय आणि चित्रशाळा आणून तिला शाळेचे रूप दिले, ते श्रेय निर्विवाद त्यांचे. पण पाया माधवरावांचा आहे. चित्रकार राजा रविवर्मा यांची बडोद्याशी गाठ घालून देणारेही तेच.

--------

रावपुऱ्याची_लेक :

धागा पाहून लॉगिन केलं!

माझ्या पिढीच्या बडोद्याच्या मराठी मुलांना कमाटीबाग म्हणजे तीन गोष्टी : छोटी आगगाडी, ममी आणि देवमासा. आगगाडी मुळात राजघराण्यातल्या मुलांची, राजवाड्याच्या आवारात धावायची, नंतर बागेत आली. पुढे तिच्या जागी नवी आली. पण खरा धाक होता संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याचा. समुद्र कुठे, बडोदं कुठे, आणि इथे छताखाली एवढा मोठा सांगाडा टांगलेला! तो निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा आहे. १९४४ मध्ये महीच्या मुखातून आत येऊन ते अडकलं आणि मेलं. सांगाडा २२ मीटरच्या आसपास आहे. पिल्लू एवढं तर आई केवढी, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं, मीही विचारला, माझ्या मुलानेही.

इजिप्तची ममी बघून आम्ही रात्री झोपायचो नाही. आणि तिथून बाहेर पडलं की शेव-उसळ. मिसळीची ही बडोदी बहीण मराठी माणसांनी या शहराला दिली आणि गुजराती माणसांनी तिला आपलंसं केलं. आज ती विकणाऱ्यांत आणि खाणाऱ्यांत मराठी किती आणि गुजराती किती हे कुणी मोजत नाही, याचं मला फार बरं वाटतं.

अकोट्याचा उल्लेख आला म्हणून सांगते. १९५१ मध्ये तिथे जैन ब्राँझ मूर्तींचा मोठा साठा मिळाला, ६८ मूर्ती, त्यांतल्या जुन्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला आणि पश्चिम भारताच्या शिल्पकलेचा इतिहास त्यामुळे नव्याने लिहावा लागला. त्या मूर्ती आज कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहेत. नदीकाठचं पहिलं गाव ओसरलं आणि त्याचे देव नदीकाठच्याच बागेत राहायला आले. बहुतेक लोक ममी बघून या मूर्तींच्या शेजारून तसेच पुढे जातात. कृपया थांबा. जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षेआधीच्या राजपुत्र महावीरांची, मूर्ती बघितल्याशिवाय बाहेर पडू नका.

--------

मुळाकाठचा :

वाचतोय, छान चाललंय. एक प्रश्न मनापासून विचारतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत की ही बाग सगळ्यांना सारखीच जवळ पडायची. अंतराने जवळ हे मान्य. पण १८७९ मध्ये "सार्वजनिक" म्हणजे नेमके कोण? पाणवठे, देवळं, शाळा, धर्मशाळा यांच्याबाबतीत आपल्याला माहीत आहे की सार्वजनिक शब्दाखाली कोण कोण येत नव्हतं. बाग त्याला अपवाद होती का?

--------

समतेचा_वाटसरू :

या प्रश्नाचं उत्तर बागेतच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा राज्याची नोकरी करायची असा करार. त्याआधी महाराजांशी गाठ घालून देण्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचा पुढाकार होता. १९१७ मध्ये त्या कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. वय २६. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस, राज्याचा अधिकारी, आणि त्याला बडोद्यात राहायला जागा नाही. हिंदू खाणावळीत कुणी घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने, पारशी नावाने राहिले. वरच्या मजल्यावर जुन्या सामानाच्या अडगळीत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कामाला निघणार तोच काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले.

त्यांनी दोन मित्रांना विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी नकार दिला. मग मुंबईला परत जायचं ठरलं. गाडी रात्री नऊची. दुपारचे चार वाजलेले. मधले पाच तास कुठे काढायचे? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यातला बहुतेक वेळ त्यांनी कॅम्पाच्या सीमेवरच्या कमाटीबागेत बसून काढले. मन सुन्न, आणि मुलं एकाकी पडली की करतात तशी आईवडिलांची आठवण. आठ वाजता बागेतून उठले, गाडी करून धर्मशाळेतून सामान उचललं आणि स्टेशन गाठलं.

मुळाकाठचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. त्या दिवशी बडोद्यात एकाही घराचा, खाणावळीचा, धर्मशाळेचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडा नव्हता. बाग होती. तिथे नोंदवहीत नाव लिहावं लागत नव्हतं. याने बागेला मोठेपणा येतो असं मी म्हणणार नाही. बाकी अख्खं शहर बंद होतं ही शरमेची गोष्ट आहे, आणि ती शरम बागेमुळे कमी होत नाही. पण सार्वजनिक जागा माणसाला कशासाठी लागते याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

बागेतल्या वडाखालच्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात, महाराष्ट्रातूनही जातात. मी गेलो आहे. बडोद्याला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने संग्रहालयाआधी तिथे जावं असं मला वाटतं.

--------

मुळाकाठचा :

धन्यवाद. हे पाच तासांचं वाचून गप्प बसून राहिलो. शिष्यवृत्तीची गोष्ट शाळेत शिकवतात, ही शिकवत नाहीत.

--------

तंजावूरकर :

समतेचा वाटसरू यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. एकच जोडतो. सयाजीरावांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी राज्यात शाळा १८८० च्या दशकातच काढल्या होत्या, पण त्या शाळांवर शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक येत नसत. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात आले. म्हणजे हुकूम निघत होते. हुकमाने शाळा उघडता येते, घराचा दरवाजा उघडता येत नाही, हे १९१७ च्या त्या दिवसाने दाखवले. महाराजांबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही बडोद्याचा इतिहास लिहिताना ही घटना तळटीपेत ढकलू नये असे माझे ठाम मत आहे.

--------

समतेचा_वाटसरू :

तळटीपेत नाहीच. राज्याने नोकरी दिली होती, तर राहायची सोय करणं हीदेखील राज्याचीच जबाबदारी होती. एवढं म्हणून थांबतो, धागा बागेचा आहे.

--------

कांसवाला :

नदीवर लिहायचं होतं. मी पाण्याच्या कामातला माणूस, बडोद्यात बरीच वर्षं काढली.

कमाटीबागेच्या मुख्य दारासमोर काळा घोडा आहे, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. डरवेन्ट वूड या इंग्रज शिल्पकाराने केलेला, १९०७ चा. शेजारी विश्वामित्रीवरचा पूल. पावसाळ्यात सगळं बडोदं एकच आकडा विचारत असतं : काळा घोड्याला किती फूट? धोक्याची पातळी २६ फूट धरतात. दुसरा आकडा आजव्याचा. आजवा म्हणजे सयाजी सरोवर, शहराच्या पूर्वेला, महाराजांनी बांधून १८९२ मध्ये शहराला नळाचं पाणी दिलं ते. त्याला ६२ दरवाजे आहेत आणि तिथून सुटलेलं पाणी विश्वामित्रीत येतं. आजवा भरलेला असताना शहरावर आणि पावागडाकडे एकाच वेळी पाऊस झाला की पाणी दोन्हीकडून येतं आणि उतार इतका कमी की ते लवकर निघून जात नाही.

१९२७ चा गुजरातचा महापूर बडोद्यालाही बसला होता. त्यामुळे पूर नवा नाही. बदललंय ते काय, ते सांगतो. नदीच्या कडेच्या घळी आणि शहरातली तळी हे पावसाच्या पाण्याचं साठवणघर होतं. भूखी कांस आणि तिच्यासारखे नाले (इथे त्यांना कांस म्हणतात) पाणी नदीकडे नेत. घळी भरून त्यांवर इमारती झाल्या, तळी बुजली, कांस झाकले किंवा अरुंद केले. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेवढा कुठलंही शहर सहज पचवणार नाही, हे खरं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोड्याला पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि दिवसेंदिवस उतरलं नाही, त्यामागे बुजलेली पूरभूमी आहे.

आणि इथे कमाटीबाग महत्त्वाची ठरते. पुरात बाग पाण्याखाली जाते तेव्हा बातमी येते की बागेचं नुकसान झालं. प्राण्यांचे हाल होतात, कर्मचारी जिवावर उदार होऊन काम करतात, ते नुकसान खरंच आहे. पण जमीन म्हणून बघा. शंभरावर एकर मोकळी माती नदीच्या काठाला शिल्लक आहे म्हणून तेवढं पाणी तिथे पसरतं. झाडं आठवडाभर पाण्यात उभी राहिली तरी वाचतात, गाळ बसतो, हिरवळ परत येते. तीच जागा १९८० नंतर कुणी सोसायट्यांना दिली असती तर तितकं पाणी आणखी काही हजार घरांत गेलं असतं. माधवरावांना पूरभूमीचं शास्त्र सांगायचं होतं असं मी म्हणत नाही. पण नदीच्या काठाला बाग ठेवणं हा आजच्या हिशेबानेही उत्तम निर्णय ठरतो.

--------

रावपुऱ्याची_लेक :

आणि मगरी? मगरींशिवाय विश्वामित्रीचा धागा कसा पूर्ण होईल!

--------

कांसवाला :

बरोबर. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत गोड्या पाण्यातल्या मगरी एवढ्या संख्येने राहतात असं शहर भारतात दुसरं सांगता येणार नाही. अलीकडच्या गणनेत चारशेच्या वर भरल्या. त्या राहतात याचं कारण तेच मातीचे काठ. मगर काठाच्या मातीत बीळ करते, उन्हात पडायला उतरता काठ लागतो, अंडी घालायला कोरडी माती. पुरात त्या रस्त्यांवर, अंगणांत येतात आणि मग शहरातल्या प्राणिमित्र संस्थांचे स्वयंसेवक आणि वनखातं रात्रंदिवस त्यांना उचलून परत सोडत फिरतात. २०२४ मध्ये तसे बरेच व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. पाण्यात मैलाही आहे, कारखान्यांचंही बरंच काही येतं, तरी मगर टिकून आहे.

म्हणून काठांना सिमेंटची भिंत घालायच्या योजनेला बडोदेकरांनी विरोध केला, आणि माझ्या मते योग्य केलं. साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट इथेही व्हावा अशी योजना होती. नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०२१ मध्ये लवादाने नदी, तिच्या घळी आणि पूरभूमी जपण्याच्या बाजूने निर्देश दिले. साबरमतीला अहमदाबादेत नर्मदेच्या कालव्याचं पाणी मिळतं आणि पात्र रुंद आहे. विश्वामित्री अरुंद, वळणांची, मगरींची. तिला भिंतीत बांधलं तर पाणी वर चढेल, दुसरं काही होणार नाही.

--------

नवा_बडोदेकर :

मी नोकरीसाठी इथे आलो, नागपूरचा. २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. घर घेताना बिल्डरने ही पूररेषेतली जागा आहे हे सांगितलं नव्हतं, आम्हीही नकाशा मागितला नाही. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, अशा अवस्थेत शेजारच्या गुजराती कुटुंबाने गच्चीवर सगळ्या जिन्याचा स्वयंपाक केला. त्यामुळे कांसवाला यांची पोस्ट वाचताना वाक्यावाक्याला मान हलवत होतो. २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्रातला गाळ काढण्याचं आणि पात्र रुंद करण्याचं मोठं काम झालं. त्याचं तुमचं मत काय?

--------

कांसवाला :

गाळ आणि राडारोडा काढायलाच हवा होता, त्याने फरक पडतो. माझी काळजी झाडांची आणि काठाच्या उताराची. यंत्राने काठ सरळ उभा कापला आणि झुडपं काढून टाकली की दोन पावसाळ्यांत तोच काठ ढासळून पात्रात येतो, म्हणजे पुन्हा गाळ. काम करताना मगरींच्या बिळांच्या जागा वगळायच्या, काठाला उतार ठेवायचा, देशी गवत आणि झाडं लगेच लावायची. आणि वरच्या बाजूची तळी मोकळी केल्याशिवाय शहरातलं पात्र कितीही खोदलं तरी पुरणार नाही. तुमच्या सोसायटीसाठी सांगतो : महानगरपालिकेकडून पूरपातळीची माहिती लेखी मागा, आणि विजेचे मीटर तळमजल्यावरून वर हलवा. एवढं तरी लगेच करता येतं.

--------

विश्वामित्रीकाठ :

धागा मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लांब आणि खोल गेला. सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः १९१७ च्या पाच तासांबद्दल लिहिल्याबद्दल. मी बागेच्या जागेबद्दल लिहिलं तेव्हा शहर, स्टेशन आणि कॅम्प यांच्या मधली जागा एवढंच डोळ्यांसमोर होतं. त्या दिवशी बाबासाहेबांना शहराने बाहेर काढलेलं, कॅम्पात जागा नव्हती आणि स्टेशनावरची गाडी पाच तास लांब. या तिन्हींच्या मधे ते बसले होते.

संग्रहालयाबद्दल एक नाव राहिलं ते लिहितो : हर्मन गट्झ. जर्मन कलेतिहासकार, नाझी राजवटीला कंटाळून भारतात आले, १९४० च्या दशकात बडोद्याच्या संग्रहालयाचे संचालक होते आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची उभारणी केली. १९४९ मध्ये सयाजीराव विद्यापीठ आणि पाठोपाठ त्याची ललित कला शाखा सुरू झाली. ती शाखा बागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. देशभरातून आलेल्या कित्येक चित्रकारांनी विद्यार्थिदशेत या संग्रहालयात आणि प्राणिसंग्रहालयासमोर बसून रेखाटनं केली. बडोद्याच्या चित्रकलेवर बोलताना या बागेचा हिशेब कुणीतरी नीट मांडायला हवा.

मराठी संस्थानकाळाबद्दलही स्वतंत्र धागा होऊ शकतो. रियासतकार सरदेसाई इथे महाराजांच्या नोकरीत होते, कवी चंद्रशेखर इथले राजकवी, चिं. वि. जोशी इथे प्राध्यापक. २०१८ चं एक्क्याण्णवावं मराठी साहित्य संमेलनही बडोद्यातच झालं.

--------

मुळाकाठचा :

डिसेंबरात दोन दिवस येतोय, आईवडिलांना घेऊन. वडिलांना फार चालवत नाही. काय क्रम ठेवू?

--------

रावपुऱ्याची_लेक :

स्टेशनावरून काळा घोड्यापर्यंत रिक्षा करा, चालतही येण्यासारखं आहे पण काकांना नको. मुख्य दाराने आत आलात की आधी संकल्पभूमीचा रस्ता विचारा, पहारेकरी दाखवतात. मग संग्रहालय. आत बरंच चालावं लागतं, म्हणून अकोट्याच्या मूर्ती आणि देवमासा आधी, ममी मग, चित्रशाळा शेवटी. संग्रहालय सुट्टीच्या दिवशी बंद असतं, तारखा आधी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सुरसागर तलाव आणि गायकवाड घराण्याचं स्मारक असलेलं कीर्तिमंदिर. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, ती चुकवू नका, आणि तांबेकरवाडा उघडा असेल तर तिथलीही. नदी बघायची तर बागेतल्या पुलावरून, सकाळी ऊन वर आल्यावर. मगरी तेव्हा काठावर येऊन पडतात. पुलाच्या कठड्यावरून खाली उतरायचं मात्र नाही, मुलं बरोबर असतील तर हात धरून ठेवा. काही अडलं तर इथेच लिहा, मी बघते.